चौथ्या घराचं आढं

"तू म्हणतेस ना, मग तुझंच असेल." एकवीस वर्षांपूर्वी, शाळेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर विणकरीण मला हे म्हणाली. मृत्युपत्र अशा वाक्याने सुरू करत नाहीत, असं दस्तलेखकाचं मत पडलं. त्याच्याकडे छापील नमुना आहे. त्यात आधी राहण्याचं ठिकाण, मग वय, मग शुद्धीवर असल्याचं. मी त्याला म्हटलं, तुमचं सगळं येईल, पण दुसऱ्या परिच्छेदात.

तर, मी या गावची सुतारीण, वरच्या गल्लीतल्या शेवटच्या घरात राहणारी, वय सदुसष्ट पूर्ण, हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. छाती नाही, पण छातीचा आणि विचारांचा संबंध नसतो असं परिचारिकेने कागदावर लिहून दिलं आहे, तो कागद सोबत जोडला आहे. मला कोणी धाक घातलेला नाही. कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. याआधी मी एक मृत्युपत्र केलं होतं आणि त्यात घर मुलाला दिलं होतं. ते रद्द समजावं. जे देण्याचा मला हक्क नव्हता ते मी त्यात देऊन टाकलं होतं.

कलम एक. हत्यारं.

माझ्या वडिलांची आणि माझी सगळी हत्यारं, म्हणजे तीन रंधे, पटाश्यांचा संच, वाकस, गुण्या, ओळंबा आणि पाणसळ, विणकरणीच्या लेकीला द्यावीत. पटाश्यांमधली अर्ध्या इंचाची कोपऱ्यात उडाली आहे. ती टाकू नये, खरवडायला तिच्यासारखी दुसरी नाही. ही मुलगी चौदा वर्षांची असताना माझ्या अंगणात आली आणि म्हणाली, मावशी, मला भुशाचा वास आवडतो. मी म्हटलं, वास फुकट आहे, कामाला लाग. गेली अकरा वर्षं आम्ही दोघींनी गावाची छपरं चढवली. आता ती वर असते आणि मी खालून ओरडते. तिचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण आमच्या कामात कौतुक झालं की माणूस त्याच दिवशी बोट कापून घेतं.

अट एकच. हत्यारं घेण्याआधी तिने कलम चार वाचावं. ते वाचून तिला माझ्या वस्तूंना हात लावावासा वाटला नाही, तर हत्यारं शाळेला द्यावीत, आणि तिला कोणी काही विचारू नये.

कलम दोन. करवत.

दोघांनी ओढायची लांब करवत वरच्या यादीत नाही, कारण ती माझ्या घरात नाही. ती गिरणीवाल्याकडे आहे. गाव त्याला 'उद्या' म्हणतं, कारण त्याच्याकडे काहीही मागायला गेलं की तो तेच म्हणतो. युद्ध थांबल्यानंतरच्या दुसऱ्या वसंतात त्याने ती चार दिवसांसाठी नेली. मी फारशी मागितलीही नाही. तिचं दुसरं टोक माझा नवरा धरायचा. तो युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात सुटलेली गाय शोधायला गेला. गाय आली. एका टोकाची करवत भिंतीवर बघत बसण्यापेक्षा ती गिरणीत गंजलेली बरी, असं मला वाटायचं. आता ती विणकरणीच्या लेकीला द्यावी, आणि ती आज द्यावी. खाली साक्षीदार म्हणून सही करायला गिरणीवाल्यालाच बोलावलं आहे, म्हणजे हे त्याला वेगळं कळवायला नको.

कलम तीन. मुलगा.

बँकेत माझ्या नावावर जे निघेल ते, भिंतीवरचं घड्याळ आणि त्याच्या आजीची लोखंडी पेटी माझ्या मुलाला द्यावी. तो शहरात लिफ्ट दुरुस्त करतो. फोनवर सूनबाई विचारते, तिकडे थंडी किती पडली. तो विचारतो, घराचं काय ठरवलंस. सूनबाईसाठी पेटीत माझं एकुलतं एक सोन्याचं कानातलं आहे. दुसरं पळताना पडलं. जोडी नाही म्हणून तिने खट्टू होऊ नये, मोडून काहीतरी करून घ्यावं.

मुला, घर तुला मिळणार नाही. तू रागावशील, आणि हा कागद हातात घेऊन वकिलाकडे जाशील. जायच्या आधी पुढचं कलम शेवटपर्यंत वाच. तू तेव्हा अकरा वर्षांचा होतास. शाळेच्या व्हरांड्यात आजीच्या अंथरुणाशेजारी झोपायचास आणि रोज सकाळी उठून विचारायचास, आपलं घर कधी. हे मी कारण म्हणून लिहीत नाही. कारण सांगितलं की अर्धा दोष दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि तुझे खांदे तेव्हा फार लहान होते.

कलम चार. घर.

दस्तलेखक म्हणतो, इथे चतुःसीमा लिहा आणि कोणाला द्यायचं ते लिहा, कारणं लिहायची नसतात. मी त्याला विचारलं, कारणं काढली तर उरतं काय? तो म्हणाला, मालमत्ता. तो चांगला माणूस आहे, पण तरुण आहे.

या घराची हकीकत सांगायची तर आधी खुणांची सांगावी लागेल. माझे वडील कुठल्याही घराचं लाकूड आधी आमच्या अंगणात जुळवत. तुळया, वासे, आणि छपराच्या माथ्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं आढं. जमिनीवर सगळं नीट बसलं की ते सुटं करत, गाडीत घालून घराच्या जागी नेत आणि तिथे उभं करत. कुठलं लाकूड कुठलं हे विसरू नये म्हणून प्रत्येकाच्या टोकावर, जिथे ते भिंतीत लपतं तिथे, पटाशीने खाचा पाडत. पहिल्या घराला एक खाच, दुसऱ्याला दोन. दहा झाल्या की एक आडवी रेघ. विणकरांचं घर चौथं. आमचं स्वतःचं पाचवं, कारण त्याआधी आईने हट्ट धरला नव्हता. दोन्ही घरं एकाच मापाची, आणि दोन्हींची आढी एकाच झाडाची.

या खुणा फक्त वडिलांना आणि मला वाचता येत. मी डावखुरी आहे. लहानपणी मी एकदा खाच पाडून बघितली तर ती उलट्या बाजूला कलली. ते हसले आणि म्हणाले, तू नुसती वाचत जा.

दीड वर्ष टेकडीवर सैन्य होतं. कुठलं ते लिहीत नाही, आधी एक होतं आणि मग दुसरं. खंदकांवर छप्पर घालायला त्यांनी आमच्या घरांची लाकडं उपसून नेली. आम्ही परतलो तेव्हा भिंती होत्या, त्याही अर्ध्यामुर्ध्या. जंगलात सुरुंग पेरलेले होते, त्यामुळे नवं झाड तोडायला जायची सोय नव्हती. मग बायकांनी आणि उरलेल्या म्हाताऱ्यांनी टेकडीवरचे खंदक उकलले, लाकडं दोरांनी ओढत खाली आणली आणि शाळेच्या मैदानात ओळीने मांडली.

दोन दिवस लोक त्या ओळींमधून नुसते फिरत होते. एखादी एका तुळईपाशी थांबायची आणि म्हणायची, ही आमची, पाळण्याची कडी इथेच होती. दुसरी म्हणायची, कडी काय तुमच्या एकट्यांच्याच घरी होती? तिसऱ्या भांडणात एकाचं डोकं फुटलं. तेव्हा मास्तरीणबाईंनी सगळ्यांना खाली बसवलं आणि ठरवून टाकलं. खूण सुतारीण वाचेल, आणि ती म्हणेल ते शेवटचं. ज्याचं आढं धड सापडेल त्याचं घर आधी, आणि ते सगळं गाव मिळून उभारेल. ज्याचं सापडणार नाही त्याने जंगल साफ होईपर्यंत ताडपत्रीखाली राहायचं. सगळ्यांनी हात वर केले. विणकरणीने केला, मीही केला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमचं आढं सापडलं. टेकडीवरच्या लोकांनी ते मधोमध कापून दोन खंदकांना वापरलं होतं. एका तुकड्याच्या टोकाला पाच खाचा, कालच पाडल्यासारख्या. शेजारच्या ओळीत चौथ्या घराचं आढं होतं. अखंड होतं.

दुपारी सगळे जेवायला शाळेच्या मागे गेले. आई व्हरांड्यात पडून होती. पळताना तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, तिला कुशीवर वळवायला दोन माणसं लागायची. मी पटाशी घेतली. तीन ठोक्यांत काम झालं. चार खाचांच्या शेजारी पाचवी. ताजं लाकूड पांढरं दिसत होतं, म्हणून चुलीतली काजळी तेलात कालवून त्यावर चोळली. मग आमच्या तुटक्या आढ्याचं खुणेचं टोक कापलं आणि सामायिक चुलीत सारलं. संध्याकाळचं जेवण त्याच्यावर शिजलं. सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं, आणि मला चांगली भूक लागली होती हे मला आजही आठवतं.

पण जेवण नंतरचं. चार वाजता मी वाचायला उभी राहिले आणि त्या आढ्यापाशी येऊन 'पाच' म्हटलं.

विणकरीण पुढे आली. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. तिचा नवरा युद्धात गेला होता, आणि मागे चार वर्षांची लेक आणि म्हातारे सासरे. सासऱ्यांनी त्या घरात चाळीस वर्षं विणलं होतं. मागाचे वरचे दोर आढ्याला बांधलेले असायचे, आणि चाळीस वर्षांत दोरांनी लाकडाच्या मध्यावर एक गुळगुळीत पन्हळ पाडली होती. मी ती पाहिलीच नव्हती. सुतार टोक बघतो. मी टोकाशी बसून खोटं केलं आणि लाकडाच्या मध्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

तिने मध्यावर हात ठेवला. एक बोट त्या पन्हळीतून फिरवलं, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग तिने व्हरांड्याकडे पाहिलं, जिथे आई झोपली होती. आणि मग ती मला ते वाक्य म्हणाली.

तिला कळलं होतं. हे स्पष्ट लिहायला हवं, कारण गावाला आजवर वाटतं की तिने माझ्यावर विश्वास ठेवला. विश्वास बाकीच्यांनी ठेवला. तिने मला दिलं. मी चोरलं आणि तिने दिलं, दोन्ही एकाच लाकडाच्या बाबतीत, आणि त्यावर आम्ही दोघी एकवीस वर्षांत एक अक्षर बोललेलो नाही.

आमचं घर पंधरा दिवसांत उभं राहिलं. आढं चढवायच्या दिवशी पूर्वेकडच्या दोराला विणकरीण होती. सगळ्यांनी एका दमात ओढावं म्हणून आवाज कोणीतरी द्यावा लागतो, तो तिने दिला. तिचा आवाज चांगला लागायचा.

तिचं घर तिसऱ्या वर्षी झालं, पत्र्याचं. मधले दोन हिवाळे ते तिघं शाळेमागे ताडपत्रीत राहिले. पळताना तिने माग सुटा करून पाठीवर नेला होता आणि पाठीवरच परत आणला होता. दुसऱ्या हिवाळ्यात तिने तो जाळला. एकदम नाही. आधी पायाखालच्या पट्ट्या, मग फणी, मग चौकट. तेल प्यायलेल्या जुन्या लाकडाचा धूर वेगळा असतो. सकाळी पाण्याला जाताना मला वासावरून कळायचं की आज मागातलं काय गेलं.

त्या दुसऱ्या हिवाळ्यात मी त्यांना आमच्याकडे राहायला या म्हटलं होतं. एकदा. ती म्हणाली, सासऱ्यांना हलवता येत नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही. आमच्याकडे आणून निजवलं असतं तर त्यांनी पडल्या पडल्या वर पाहिलं असतं. सासरे त्याच महिन्यात गेले. परिचारिका म्हणाली, या वयात ते कुठेही गेले असते. तिचं हे म्हणणं मी बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरलं. आता ते झिजलं.

माझी आई या घरात तीन वर्षं जगली आणि उबेत गेली. शेवटपर्यंत छपराकडे बघून म्हणायची, बघ तुझ्या वडिलांचं लाकूड, कसं टिकलं.

मी सांगायला गेले होते, हेही लिहिते, पण माझ्या बाजूने मोजण्यासाठी नाही. पाचव्या वर्षी, शाळा सुटल्यावर. मास्तरीणबाई फळा पुसत होत्या. मी अर्धंच बोलले असेन, त्यांनी हात वर केला.

"सुतारीणबाई, गावातलं प्रत्येक घर तुमच्या शब्दावर उभं आहे. एक शब्द खोटा निघाला तर सगळे जण आपापल्या छपराकडे बघायला लागतील. आत्ता नको."

मी विचारलं, मग कधी?

"ते मला विचारू नका. मला हे ऐकायचंच नव्हतं."

मी घरी आले आणि मला हलकं वाटलं. सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त लाज त्या हलकेपणाची वाटते. मास्तरीणबाईंनी माझं तोंड बंद केलं नव्हतं, फक्त एक सोय करून दिली होती, आणि ती मी सोळा वर्षं वापरली.

म्हणून, सदर घर, अंगणासह आणि विहिरीतल्या निम्म्या हक्कासह, विणकरणीला देण्यात यावं. दस्तलेखकाने 'प्रेमापोटी देत आहे' असं लिहिलं होतं, ते मी खोडलं. प्रेमापोटी दिलं की घेणाऱ्याला आभार मानावे लागतात. 'परत करत आहे' असं लिहावं. आढं तिचं आहे, खालच्या भिंती त्याच्याबरोबर जाव्यात. तिला घर नको असेल तर आढं उतरवून तिच्या अंगणात ठेवावं. मग तिने त्याचं वाटेल ते करावं. ते तिने चुलीत घातलं तरी कोणी अडवू नये.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने पूर्वेकडच्या भिंतीतून टोक उघडं करावं. पहिल्या चार खाचा उजवीकडे कललेल्या दिसतील, पाचवी डावीकडे. मुला, ही गोष्ट तुझ्या वकिलालाही दाखव.

कलम पाच. बाकीची घरं.

बाकीची सव्वीस आढी मी खरी वाचली. हे मी शपथेवर लिहिते, आणि माझ्या शब्दाचं वजन किती ते कलम चारमध्ये आलेलंच आहे, हे मला कळतं. कोणाला शंका असेल तर विणकरणीच्या लेकीला बोलवावं, खुणा वाचायला मी तिला शिकवलं आहे. टोक उघडावं, मोजावं, आणि भिंत पुन्हा नीट लिंपून घ्यावी. एकमेकांची डोकी फोडू नयेत. माझ्यामुळे पुन्हा त्या मैदानातलं भांडण सुरू झालं तर मला कुठेच जागा नाही.

शाळेतली पहिल्या वर्गाची दोन बाकं माझ्या खऱ्या आढ्याच्या तुकड्यांची आहेत. ती मी दान दिली असं त्यावर कोणीतरी रंगवलं आहे. ते खरवडून काढावं. बाकं राहू द्यावीत. मुलांनी त्यांच्यावर बरंच काही कोरलं आहे आणि ते आता त्यांचं झालं आहे.

कलम सहा. पांघरूण.

घर झाल्यावर सात-आठ वर्षांनी मी विणकरणीला नवा माग करून दिला. लाकूड चांगलं वापरलं, सांधे असे बसवले की केस जाणार नाही. ती म्हणाली, फुकट घेणार नाही, ताई. त्या मागावरचं पहिलं लोकरीचं पांघरूण तिने मला आणून दिलं. मी ते एकदाही अंगावर घेतलं नाही. तिने दोनदा विचारलं, बोचतं का गं? मी म्हणाले, जपून ठेवलंय. कपाटात वरच्या फळीवर आहे, घडी अजून तिच्या हातची आहे. ते तिच्या लेकीला द्यावं, आणि तिने ते वापरून वापरून फाडावं.

कलम सात. इतर.

घरातली भांडी ज्याला लागतील त्याने न्यावीत. निळी किटली गळते, ती कोणाला देऊ नये. मला निरोप द्यायला जे जमतील त्यांनी माझ्या हाताबद्दल किंवा माझ्या नजरेबद्दल चांगलं बोलू नये. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मास्तरीणबाईंनी करावी. त्या नको म्हणतील. त्यांना सांगावं, की आता ऐकावंच लागेल.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या, म्हणजे डाव्या, हाताने लिहिलं आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सुतारीण, वरची गल्ली

साक्षीदार पहिला: गिरणीवाला
साक्षीदार दुसरी: मास्तरीणबाई, आता निवृत्त. (यांनी सही करताना चष्मा काढून ठेवला होता. पण त्यांना त्याशिवायही दिसतं, आणि ते त्यांना माहीत आहे.)

ठिकाण: शेवटचं घर, स्वयंपाकघरातलं टेबल
तारीख: एकोणीस नोव्हेंबर, युद्ध थांबल्याचं बाविसावं वर्ष

सह्यांच्या खाली.

दस्तलेखक सांगून गेला की सह्यांच्या खाली जे लिहाल ते कायद्याला दिसत नाही. म्हणून इथे लिहिते.

गिरणीवाल्याने सही करण्याआधी सगळं वाचलं. मी वाचू दिलं. करवतीचं कलम त्याने नुसतं ओलांडलं. टोपी हातात घेऊन त्याने विचारलं, "आणि माझं?" मी म्हटलं, तुझं तुझंच आहे. "हं," म्हणाला, आणि सही केली. पण जाताना तो दारात थांबला, आधी माझ्या छपराकडे पाहिलं आणि मग रस्त्यापलीकडे स्वतःच्या. तो माणूस दिवसभर गिरणीत बसतो आणि पिठाची वाट बघणाऱ्यांशी बोलतो. संध्याकाळपर्यंत हे गावभर होईल. म्हणून हा कागद मी पेटीत ठेवणार नाही. कोट घालून आत्ताच तुझ्याकडे घेऊन येते आहे, विणकरणी, आणि हा खालचा भाग तुझ्यासाठी आहे.

वरचं सगळं लिहून झाल्यावर मला एक गोष्ट दिसली. मी मेल्यावर तुला घर दिलं, यात माझं काय गेलं? ते घर तेव्हा माझ्या कामाचं नसणार. तुझ्या दोन हिवाळ्यांतला एक दिवसही मी घेतलेला नाही. तुझ्या दारासमोरून कळशी घेऊन गेले, एवढंच. तुझा पत्रा पहाटे कसा कडकडतो, आतून कसं पाणी सुटतं आणि अंथरुणाची कुठली बाजू आधी भिजते, हे तू मला इथे बसून हसत हसत सांगत आलीस, आणि मी तुला चहा ओतत आले.

तर या हिवाळ्यात आपण घरं बदलू. तू इकडे ये. पलंग मी खिडकीपासून लांब सरकवला आहे. थंडी सरेपर्यंत पुरतील एवढी लाकडं मागच्या बाजूला रचली आहेत. तुझ्या लेकीने फोडली, तिला वाटलं माझ्यासाठीच. मला तुझ्याकडचं काही हलवायला नको, मी माझं अंथरूण घेऊन येईन.

तू नाही म्हणणार. म्हणशील, ताई, वेड लागलं का, छाती बघ आपली. किंवा कागद वाचून नीट घडी घालशील, माझ्या हातात परत देशील आणि मला आत बोलावून शेगडीजवळ बसवशील. आणि मी पुन्हा एकदा तुझ्याच उबेला बसेन. ते नको आहे. मला रागावू नकोस असं मी म्हणत नाही, माफ कर असंही म्हणत नाही. एवढ्या एका हिवाळ्यापुरती मला तुझ्या घराची किल्ली दे.